रॅचेट घेण्याआधी खटके मोजा: माझे साडेतेरा हजार कसे गेले

आमच्या गॅरेजमधल्या १९ वर्षांच्या पोराच्या उजव्या हाताला चार टाके पडले, ते मी विकत घेतलेल्या बनावट रॅचेटमुळे. रॅचेट म्हणजे नट-बोल्ट फिरवायचा पाना, एका दिशेला पकडतो आणि उलट नेला की आतल्या दातागणिक एकेक खटका देत मोकळा फिरतो. पैसे गेले ते गेलेच, पण त्याच्या बोटांवरचे ते व्रण मला रोज दिसतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. कामासाठी चांगल्या कंपनीचा महागडा रॅचेट घ्यायचा विचार करत असाल तर पाच मिनिटं काढून वाचा.

मिस्त्री लोक रॅचेटवर एवढा पैसा का घालतात, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. साध्या रॅचेटच्या आतल्या चक्राला ३६ दात असतील, तर पुढचा दात पकडायला हँडल १० अंश फिरवावं लागतं. हँडल २० सेंटीमीटरचं धरलं तर त्याच्या टोकाला साडेतीन सेंटीमीटर मोकळी जागा लागते. ७२ दात असले की ५ अंशात काम होतं, ८० असले की साडेचार अंशात, म्हणजे टोकाला दीड सेंटीमीटरच्या जरा वर. गाडीखाली पाठीवर झोपून स्टार्टर काढताना एका बाजूला चासी, दुसऱ्या बाजूला सायलेन्सरचा पाइप, आणि मधे मनगट जेमतेम शिरतं. तिथे साडेतीन सेंटीमीटर कुठून आणणार? तोच बोल्ट बारीक दातांच्या रॅचेटने दोन मिनिटांत निघतो, नाहीतर अर्धा तास जातो आणि हात सोलवटतात ते वेगळंच.

माझं गॅरेज सातारा-पुणे हायवेला लागून आहे, १७ वर्षं झाली. इतकी वर्षं नाशिकच्या तपारियाचा अर्धा इंची रॅचेट वापरला (हे माप रॅचेटच्या चौकोनी टोकाचं, त्यावर गोटी, म्हणजे नटावर बसणारा सॉकेट, चढवतात) आणि तो आजही कामात आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण नव्या गाड्यांची बॉनेटखालची जागा आवळत चालली आहे, म्हणून तीन सुती (म्हणजे ३/८ इंची) आणि पाव इंचीमध्ये एकेक चांगला नग घ्यायचं ठरवलं होतं. वर्षभर माहिती काढली. अमेरिकेत १९२० साली सुरू झालेल्या स्नॅप-ऑनचा ड्युअल ८०, त्याला ८० दात. जर्मनीच्या वेराचा झायक्लोप, ७२ दात. जपानच्या केटीसीची नेप्रोस ही वरची मालिका, तिच्यात ९० दात मिळतात. गिअररेंचच्या एका रॅचेटवर १२० लिहिलेलं असतं, पण आत चक्र ६० दातांचंच असतं. दात अडवणाऱ्या दोन खटक्या आळीपाळीने पकडतात म्हणून दर ३ अंशांना पकड येते.

माझं मत विचाराल तर ७२ च्या पुढे दातांच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे परतीची ओढ. नट ढिला झाला की हँडल मागे आणताना रॅचेट जड असेल तर गोटीबरोबर नटही मागे फिरतो, आणि तुम्ही तिथल्या तिथे घासत बसता. जपानच्या कोकेनचा रॅचेट एका मित्राकडे हाताळला होता. बोटाने हलकेच धरलेली गोटीसुद्धा जागची हलत नव्हती. तिसरी गोष्ट म्हणजे आतलं चक्र आणि खटकी सुटी मिळते का. चांगल्या कंपन्यांच्या बऱ्याच रॅचेटसाठी हा संच मिळतो. दात झिजले की संच बदला, हँडल वर्षानुवर्षं चालतं. महाग रॅचेटचे पैसे खरं म्हणजे याचेच असतात.

हे सगळं मला माहीत होतं, तरी फसलो.

मिस्त्री लोकांच्या एका मोबाइल ग्रुपवर फोटो आला. आखातातून परतलेल्या मेकॅनिकचा माल, स्नॅप-ऑनचे तीन रॅचेट, पाव इंची, तीन सुती आणि अर्धा इंची, तिन्ही सीलबंद. नगाला ५,०००. अमेरिकेत यातला एकेक शंभर डॉलरच्या वर जातो. आखातात काम करून आलेले आपल्याकडचे अनेक जण येताना हत्यारं घेऊन येतात, हे मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे शंका आली नाही. फोन केला. माणूस गोड बोलायचा, घाई अजिबात केली नाही. म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही हातात घेऊन बघा, पटलं तरच न्या."

हायवेवरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये भेटलो. त्याने डिकीतून एक वापरलेला तीन सुती रॅचेट काढला. "हा माझा स्वतःचा, रोजच्या वापरातला. हा विकायचा नाही. चालवून बघा." मी फिरवला. खटके एकदम बारीक, एकसारखे, परतीला ओढ नाहीच. त्याच्या गाडीच्या चाकाच्या एका नटवर लावून पाहिला, मूठ हातात घट्ट बसली. तो नग अस्सलच होता, याबद्दल मला आजही शंका नाही. मग त्याने तीन सीलबंद खोकी पुढे केली आणि म्हणाला, "नवे आहेत, सील तुम्ही घरी जाऊन फोडा. माझ्यासमोर फोडलंत आणि नाही घेतलंत तर मला पुढे विकता येणार नाही."

इथेच मी थांबायला हवं होतं. बघायला अस्सल आणि घ्यायला बंद खोकं, एवढाच त्याचा डाव होता. घासाघीस करून साडेतेरा हजारांत तिन्ही घेतले. ६,००० मोबाइलवरून पाठवले, ७,५०० रोख दिले. पैसे गेले त्या खात्यावरचं नाव त्याच्या नावाशी जुळत नव्हतं. "मेहुण्याचं खातं आहे," म्हणाला. बिल मागितलं तर, "वापरलेल्या मालाचं बिल कुठून आणू?" नवे म्हणून विकत होता आणि बिलाच्या वेळी वापरलेले म्हणत होता, हेसुद्धा माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

घरी खोकी उघडली. चकाकी झकास, खोक्यावर लाल पट्टा, नाव ठसठशीत. खटका थोडा जड वाटला, पण नवं ग्रीस असेल असं मीच मला समजावलं. तीन आठवडे किरकोळ कामं केली, काही झालं नाही.

मग तो दिवस. पोरगा एका जीपचा स्टार्टर काढत होता, तीन सुती रॅचेटला १४ ची गोटी. बोल्ट घट्ट होता, पण गंजलेला नव्हता. त्याने जोर वाढवायला हँडलला पाइप लावला नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा वेळी सगळे आधी तेच विचारतात. त्याने अंगाचा जोर दिला, आत कट्‌ असा आवाज झाला, खटकी सुटली आणि त्याच्या हाताची मूठ चासीच्या धारेवर आदळली. "मिस्त्री!" एवढंच ओरडला. दोन बोटांवरची कातडी सोलून आतलं पांढरं दिसत होतं. दवाखान्यात नेलं, चार टाके, दोन आठवडे काम बंद. त्याची आई रात्री गॅरेजवर आली. काही बोलली नाही, त्याच्या हाताकडे बघत उभी राहिली. तिला काय सांगावं हे मला सुचलं नाही.

त्या रात्री मी तो रॅचेट घेऊन बसलो. गोटीवर खडूने एक रेघ ओढली, तिच्यासमोर रॅचेटच्या डोक्यावर दुसरी, आणि एकेक खटका मोजत पूर्ण फेरा केला. ४८. पुन्हा मोजला, पुन्हा ४८. ज्यावर ८० दातांचं नाव छापलंय त्याचे खटके ४८. अर्धा इंचीचेही तेवढेच भरले, पाव इंचीचे ३६. दोन मिनिटांचं काम होतं, आणि ते मी पार्किंगमध्ये केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मुंबईला नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात गेलो. एका जुन्या दुकानात मालकांनी काउंटरवर कागद पसरून तो रॅचेट उघडला. आत एकच पातळ खटकी, तिची धार चपटी झालेली. चक्राचे तीन दात घासून गोल. त्यांनी कानस घेऊन दातावरून एकदा फिरवली तर चक्क भुगा पडला. कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते, भुगा पडत नाही. मग शेजारी अस्सल रॅचेटचा दुरुस्ती संच ठेवला. त्यातलं चक्र या डोक्यात बसतच नव्हतं, व्यासच वेगळा. हँडल ओतीव आहे, घडीव नाही, हेही त्यांनी डोक्याच्या कडेला राहिलेली ओतकामाची खरखरीत रेघ दाखवून सांगितलं. मुठीजवळ नखाने खरवडलं तर क्रोमचा पापुद्रा निघाला. अस्सल नगावर ज्या वर्षी बनला त्या वर्षाची खूण कोरलेली असते, यावर ती नव्हतीच. नाव कोरलेलंही नव्हतं, लेझरने वरवर भाजलेलं होतं, बोट फिरवलं तर खोली लागत नव्हती. त्यांनी त्या तासाभराचे पैसे घेतले नाहीत. चहा पाजला आणि म्हणाले, "पोराचा हात वाचला, यातच मिळवलं."

विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झाला होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे गेल्यावर तासाभरात कळवलं असतं तर खातं गोठवायची शक्यता जास्त होती असं सांगितलं. मी महिन्याने कळवत होतो. तरी तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लागतं, आणि दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचा बनावट माल करणं-विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने वेगळा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "बिल आहे का?" माझ्याकडे ६,००० च्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि ग्रुपवरचे फोटो, एवढाच पुरावा. रोख दिलेल्या साडेसात हजारांचा कागदच नाही. ज्यांची अशीच फसवणूक दुकानात झाली असेल आणि हातात बिल असेल, त्यांनी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर जरूर बोला. माझ्यासारखा रिकाम्या हाताने जाणारा तिथे फार काही करू शकत नाही.

आता पोरगा परत कामावर आलाय. त्याच्यासाठी ७२ दातांचा तीन सुती रॅचेट नागदेवीहून बिलासकट आणला, नावापेक्षा परतीची ओढ बघून. दुकानातच सील फोडून, खडूची रेघ ओढून खटके मोजले. मालकांनी स्वतःहून गोटी पुढे केली. आणि गॅरेजमध्ये एक गोष्ट बदलली आहे. घट्ट बोल्टचा पहिला झटका आता कुठल्याच रॅचेटने द्यायचा नाही, अस्सल असला तरी नाही. तो लांब दांड्याच्या, आत दात-खटकी नसलेल्या पॉवर बारने द्यायचा, बोल्ट हलला की मग रॅचेट. बारीक दात जागा वाचवायला असतात, पहिला ताण झेलायला नसतात.

जाता जाता त्या माणसाबद्दल. त्याने डिकी उघडली तेव्हा आत लाल पट्ट्याची आणखी डझनभर तरी खोकी मी पाहिली होती. त्या वेळी वाटलं, किती माल आणलाय बिचाऱ्याने. तो भेटायला हायवेवरचं हॉटेल निवडतो, आधी स्वतःचा वापरलेला रॅचेट हातात देतो आणि मग म्हणतो, "सील घरी जाऊन फोडा." हे वाक्य तुमच्या कानावर पडलं तर खोकं तिथेच परत द्या. जमलं तर त्याच्या गाडीचा फोटो काढून जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. माझ्या अर्जात तोही नाही.