सोळा म्हणजे बारापेक्षा मोठी, असं मला वाटलं

दोन वर्षं कचेरीत खेटे घातल्यावर शेतीसंरक्षणाचा बंदुकीचा परवाना हातात आला, तेव्हा मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कुडाळ तालुक्यात माझी आंब्या-काजूची बाग आहे. केलडी (माकडं) खातात त्याच्या दुप्पट कैऱ्या खाली पाडतात, आणि आता गवेही उतरायला लागलेत. बार काढायचा तो आवाजासाठी. तेवढ्यापुरती एक दुनळी हवी होती.

घाटावरच्या एका दुकानात गेलो. जुन्या विलायती बारा बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) 70 हजार सांगितले. माझं तोंड उतरलेलं बघून दुकानदाराने कपाटातून दुसरी काढली. तीही विलायती, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड तर पहिलीपेक्षा देखणं. भाव 32 हजार. "ही सोळा बोअर. आकडा बघा, बारापेक्षा वरचा. पण लोक आपले बाराच मागतात." आज विचार करतो तेव्हा वाटतं, खोटं तो एक अक्षर बोलला नाही. सोबत दहा-बारा जुनी, कागदी नळीची काडतुसं फुकट दिली. परवान्यावर नुसतं 'दुनळी बंदूक' लिहिलेलं, त्यामुळे नोंदीतही अडलं नाही.

गावात आल्यावर शेजारच्या सुभेदारकाकांनी नळी उजेडाकडे धरली आणि हसले. "तुका फसवल्यान रे. सोळा म्हणजे मोठी नाय, बारीक."

त्यांनी समजावलं ते असं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर, सुमारे 18.5 मिलिमीटर. सोळा गोळ्या केल्या की गोळी लहान, नळीही लहान, 16.8 च्या आसपास. आकडा चढेल तसं भोक अरुंद.

पण भाव निम्मा झाला तो दोन मिलिमीटरमुळे नव्हे. लोखंड, लाकूड, कारागिरी दोन्हींची सारखीच. फरक काडतुसांचा. बाराची काडतुसं आपल्याकडे खडकीच्या 1869 सालच्या कारखान्यातून येत आली आहेत, 'शक्तिमान' नावाची, कुठल्याही दुकानात. सोळाच्या काडतुसांसाठी मी रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव पालथं घातलं. पहिल्या दुकानात "नाही", दुसऱ्यात "कधीतरी येतात", तिसऱ्यात माणूस माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. फुकटातली कागदी काडतुसं पहिल्याच पावसाळ्यात फुगली, नळीत शिरेनात.

काका म्हणाले, सगळीकडे हेच. .303 (हे रायफलच्या भोकाचं इंचातलं माप) सामान्य माणसाला बंद, म्हणून ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .315 रायफल चालते. .38, 9 मिलिमीटर, .45 बंद, म्हणून रिव्हॉल्व्हर घेणारे बहुतेक .32 वर तुटून पडतात. त्यात ऐंशीच्या दशकापासून बाहेरून माल येणं जवळपास थांबलेलं. मग जुनी .32 वेब्ली, म्हणजे विलायती रिव्हॉल्व्हर, इथे लाखांत जाते. तिची किंमत पोलादाची नाही, परवानगीची.

बारा घेतली असती तरी सुटलो असतो असं नाही. जुन्या इंग्रजी बारा बोअरचा काडतूस बसायचं घर बऱ्याचदा 65 मिलिमीटरचं असतं, आणि बाजारात 70 चीही काडतुसं मिळतात. 70 हा आकडा उडाल्यानंतरच्या, तोंड उघडलेल्या नळकांड्याचा. मिटलेलं असताना ते 65 मध्येही गुपचूप बसतं. उडालं की तोंड उघडायला जागा नाही, दाब वाढतो, आणि पुढे नळीचं किंवा हाताचं काय व्हायचं ते होतं. बंदूक घेताना हा आकडा नळीखाली कोरलेला आहे का ते बघा, नसेल तर जाणत्याकडून मापून घ्या. आणि आधी काडतूस विकत घ्या, मग बंदूक. काडतूस मिळालं नाही तर तिथूनच माघारी फिरा. पावतीवर बोअर लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं 'विलायती दुनळी, जुनी' आहे.

परत करणंही सोपं नाही. ती काही मिक्सर नव्हे. नंबर परवान्यावर चढलेला, तो उतरवायला पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. तरी परवा त्याच दुकानदाराला फोन लावला, परत घ्याल का म्हणून. ओळख न दाखवता त्याने विचारलं, "बोअर कुठला?"

"सोळा."

"दहा हजार देईन. काडतुसं मिळत नाहीत ना त्याची."