हँडहेल्डवर रेसिंग, जवळजवळ वर्षभराचा अनुभव: ट्रिगर एक नंबर, स्टिक पावसाने खाल्ली

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी डावीकडे ओढायला लागली. गेममधली. असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये सरळ रस्त्यावर अंगठा उचलला तरी गाडी हळूहळू डावीकडच्या गवतात. मला वाटलं सेटअपमध्ये चुकून काहीतरी बदललं गेलं, टायर प्रेशर बघितलं, कॅम्बर बघितला, दुसरी गाडी घेतली, तरी तेच. मग विंडोजमध्ये कंट्रोलर टेस्ट उघडली तर अंगठ्याने फिरवायच्या स्टिकला हात न लावता ठिपका मधून सरकून डावीकडे थरथरतोय. ड्रिफ्ट, गाडीचा नाही, स्टिकचा. दिवाळीच्या ऑफरमध्ये ५२ हजारांना घेतलेला हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा गेमिंग पीसी, वर्ष पण झालं नाही.

कंपनीचं नाव घेत नाही. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, एफपीएसचे (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचे) व्हिडिओ ढीगभर आहेत, ते परत लिहीत नाही. मला ट्रिगरबद्दल, म्हणजे वरच्या कडेला तर्जनीने दाबायच्या ब्रेक-गॅसच्या कळांबद्दल लिहायचंय, कारण त्यावर कोणी धड बोलतच नाही.

मी रत्नागिरीचा. आंब्याच्या सीझनला काकांची पिकअप चालवतो, आंबा घाटातून कोल्हापूर. जाताना ७० पेट्या, येताना रिकामी. ज्याने रिकामी पिकअप ओल्या रस्त्यावर घाट उतरवलीय त्याला माहीत आहे, मागे वजन नसतं, ब्रेक जोरात दाबला की मागची चाकं रस्ता सोडतात. या मे महिन्यात वळवाची पहिली सर पडून गेली होती, रस्त्यावर धूळ आणि तेलाचा नुसता चिखल, आणि साखरप्याच्या वरच्या एका वळणावर गाडी मागून हातभर सरकली. ब्रेक अर्धा सोडला, तेव्हा धरलं तिने. घरी आलो, जेवलो, आणि डर्ट रॅली २.० लावलं. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, न्यूझीलंडची ओली स्टेज, आणि उतारावर मुद्दाम तीच चूक केली. गाडी तशीच सरकली. डावा ट्रिगर अर्धा सोडला, तशीच सावरली. अंगावर काटा आला.

माझ्यासाठी रिॲलिझम हा आहे. रिफ्लेक्शन, रे ट्रेसिंग, सात इंचाच्या स्क्रीनवर कोण बघतंय. करंगळीच्या नखाएवढी त्या ट्रिगरची चाल, पण त्यात थोडा ब्रेक, अर्धा ब्रेक, पाऊण ब्रेक सगळं वेगवेगळं लागतं. बटण असेल तर ब्रेक एकतर पूर्ण नाहीतर नाहीच, मग फिजिक्स कितीही भारी असो, चाकं लॉकच होणार. निन्टेंडो स्विचवर ट्रिगरच्या जागी असलेली झेडएल-झेडआर नुसती बटणं आहेत. २०१९ ला ग्रिड ऑटोस्पोर्ट हा रेसिंग गेम स्विचवर आला तेव्हा त्यांनी निन्टेंडोच्याच जुन्या गेमक्यूबच्या कंट्रोलरचा सपोर्ट दिला, का, तर त्याचे ट्रिगर ॲनालॉग आहेत, म्हणजे किती दाबलं ते कळतं. २००१ सालचा कंट्रोलर! लहानपणी मावसभावाच्या पीएसपीवर (सोनीचा जुना हँडहेल्ड) ग्रान टुरिस्मो खेळलोय, २००९ चा, ८०० च्या वर गाड्या आणि ६० एफपीएस, त्या काळात कमालच होती, पण ॲक्सिलरेटर फुलीच्या बटणावर. वळणातून बाहेर पडताना गॅस हळूहळू उघडायचा असतो ही गोष्ट त्या पीएसपीने मला कधी शिकवलीच नाही.

आता सर्व्हिस. वेबसाइटवर पिनकोड टाकला की ‘या भागात पिकअप उपलब्ध नाही’. स्वतःच्या खर्चाने कुरिअर केला, पॅकिंग-इन्शुरन्स धरून ६४० रुपये. दहा दिवसांनी फोन, ‘सर, आतली मॉइश्चर स्ट्रिप लाल झालीय, लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटी लागणार नाही, ९,४०० होतील.’ मी विचारलं, पाण्याचा डाग दाखवा. डाग नाही, पट्टी लाल आहे. अहो, जुलैत आमच्याकडे काड्यापेटी पेटत नाही, पापड डब्यातून काढला की दोन मिनिटांत मऊ पडतो, कपाटातल्या चपलेला बुरशी येते. ती पट्टी लाल नाही होणार तर काय होणार? समुद्रापासून एक किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला वस्तू विकता तेव्हा पिनकोड विचारत नाही, रिपेअरला मात्र विचारता. तीन मेल लिहिले, तिन्हींना तेच उत्तर. दुरुस्त न करता परत मागवला. मला ९,४०० रुपयांपेक्षा जास्त राग त्या ‘लिक्विड डॅमेज’ शब्दाचा आला, जसं काय मीच चहा सांडला.

इथे माझं एक मत बदललं. जायरो, म्हणजे अख्खा हँडहेल्ड तिरका करून गाडी वळवणं, हा लहान मुलांचा खेळ असं मी कायम म्हणायचो. पण परत आला तेव्हा स्टिक तर गेलेली, डेडझोन, म्हणजे स्टिकची मधली हालचाल जेवढी गेम मोजत नाही ती, १५ टक्के केला तर ड्रिफ्ट थांबायचा पण बारीक स्टिअरिंग मरायचं, म्हणून नाइलाजाने स्टीम इनपुटमधून (स्टीम ॲपमधल्या कंट्रोलर सेटिंगमधून) स्टिअरिंग जायरोवर टाकलं. पहिले दोन दिवस सगळीकडे भिंती. तिसऱ्या दिवशी हात बसला. लाइट गेलेली, बाहेर धो धो पाऊस, आणि मी नॉर्डश्लाइफ या जर्मनीतल्या ट्रॅकची २०.८ किलोमीटरची पूर्ण लॅप एकदाही न ठोकता काढली. स्टिकवर अंगठा जेमतेम बोटभर फिरतो, खऱ्या गाडीचं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच-तीन वळसे, त्यामुळे स्टिकवर गेमच तुमच्या वतीने अर्धं स्टिअरिंग करतो, स्पीड सेन्सिटिव्हिटी, फिल्टर वगैरे लावून. जायरोत मनगट फिरतं, बारीक दुरुस्त्या आपल्या हातात राहतात. वाईट एवढंच की स्क्रीन पण सोबत तिरकी होते आणि अर्ध्या तासात मान दुखते.

शेवटी स्टँडजवळच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने माझ्यासमोर उघडलं. भिंगाखाली दाखवलं, स्टिकच्या कडेला पोटेन्शिओमीटरची, म्हणजे स्टिक किती वळली ते मोजणारी, हिरवी डबी असते, तिच्या आतला काळा कार्बनचा पट्टा एका जागी घासून चकचकीत झालेला आणि पायांवर हिरवट गंज. म्हणाला, "दादा, खारी हवा, दुसरं काय. ट्रिगर बघा, त्याला काय झालं नाही." ट्रिगरमध्ये हॉल सेन्सर आहे, म्हणजे लोहचुंबक आणि सेन्सर एकमेकांना चिकटतच नाहीत, घासायला काही नाही. सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हे १९९८ ला होतं, स्टिकमध्ये पण! माझ्या हँडहेल्डमध्ये ट्रिगरला दिलंय आणि स्टिकला का नाही, ते कंपनीलाच ठाऊक. ऑनलाइन हॉल स्टिकची जोडी १,३५० ला मिळाली, बसवायचे त्याने ३०० घेतले. ९,४०० कुठे आणि १,६५० कुठे.

बसवून पाच आठवडे झाले, गणपतीपण येऊन गेले. डेडझोन ३ टक्क्यांवर. नवीन स्टिक जरा कडक आहे, सुरुवातीला अंगठा दुखला. बॅटरी रेसिंगला दीड तास, ती आधीपण तेवढीच होती. रात्री हँडहेल्ड आईच्या जुन्या पापडाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलची पाकिटं टाकून, झाकण घट्ट. पाकिटं तिकडच्या चपलांच्या दुकानात मागितली, फुकट दिली त्याने मूठभर.

स्टिअरिंग मात्र अजून जायरोवरच आहे, नवीन स्टिक बसवून पण. देवगड-मालवणकडच्या कोणी हॉल स्टिक लावून एक अख्खा पावसाळा काढला असेल तर किती टिकल्या ते सांगा, माझ्या स्टिकनी तर अजून जूनच बघितला नाही.