गराजमधली जुनी स्पोर्ट्‌स कार: गाडीच दान करावी की विकून पैसे द्यावेत?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत हा प्रश्न हल्ली वरचेवर निघतो. ऐंशीच्या दशकात इथे आलेल्या कुणीतरी हौसेने जुनी डॅटसन २४०झेड घेतली, कितीतरी शनिवार-रविवार तिच्याखाली पाठ टेकून घालवले, आणि आता मोठं घर विकून लहान घरात जायचं आहे. मुलांना गाडी नको आहे. मग ठरतं, "एखाद्या संस्थेला देऊन टाकू, टॅक्समध्येही सूट मिळेल."

देण्याची इच्छा खरी असते, म्हणूनच ती गाडी कुठे जाते हे आधी नीट बघायला हवं.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे फोन करायचा आणि टो ट्रक बोलवायचा. बहुतेक संस्था गाड्या स्वतः हाताळत नाहीत. मधली कंपनी गाडी नेते, लिलावात विकते, आपला खर्च आणि वाटा कापून उरलेलं संस्थेला देते. रोजच्या वापराच्या थकलेल्या गाडीसाठी हे उत्तम आहे. पण माझ्या परिचयातल्या एका काकांनी आपली २४०झेड अशी दिली, तेव्हा मूळ टूलकिटची पिशवी आणि तीस वर्षांच्या बिलांची फाइल त्यांनी जपून पुढच्या सीटवर ठेवली होती. लिलावाच्या फोटोंत दोन्ही नव्हती. वर्णन होतं फक्त "जुनी डॅटसन, चालू." फाइलच नाही म्हटल्यावर तिची खरी किंमत घेणाऱ्याला कळणार कशी?

टॅक्सची बाजू तर अनेकांना उशिरा कळते. २००५ पासूनचा नियम असा की, ५०० डॉलर्सच्या वरची गाडी संस्थेने न वापरता, न सुधारता विकली, तर करपात्र उत्पन्नातून वजावट विक्रीच्या रकमेपुरतीच मिळते. तो आकडा संस्था फॉर्म १०९८-सी वर देते. आणि गाडीची किंमत तुमच्या खरेदीपेक्षा वाढलेली असेल, तर वजावट आणखी खाली, तुम्ही घातलेल्या पैशांपर्यंत येते. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत नेमकं हेच घडतं.

समजा गाडी ४,००० डॉलर्सना घेतली, इंजिन नव्याने बांधून घेणं आणि पूर्ण रंगकाम यांवर ८,००० लागले, आणि आज ती ३०,००० ला जाते. ऑइल बदलल्याचा खर्च यात धरायचा नाही. संस्थेने ती लगेच विकली तर तुमची वजावट १२,०००. बिलं हरवली असतील तर ४,०००च धरून चाला.

तीच गाडी स्वतः विकली तर १८,००० चा नफा होतो. त्यावर १५ टक्क्यांनी २,७०० डॉलर्स फेडरल टॅक्स जाईल. गाडी पुराणवस्तूत धरली गेली तर दर २८ टक्क्यांपर्यंत चढू शकतो, हे सीपीएला, म्हणजे तुमच्या कर सल्लागाराला, आधीच विचारून घ्या. उरलेले २७,३०० रोख दिले तर तेवढी सगळी वजावट. म्हणजे मधल्या कंपनीचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास गेला, की स्वतः विकणं संस्थेच्याही फायद्याचं ठरतं. शिवाय रोख रक्कम कुणालाही देता येते. गावाकडच्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी द्यायची असेल, तर महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेमार्फत द्या. भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर इथे वजावट मिळत नाही.

कष्ट मात्र आहेत. बॅटरीखालचा पत्रा आणि फ्लोअर पॅन, २४०झेडला गंज लागायची या ठरलेल्या जागा, त्यांचे फोटो प्रामाणिकपणे टाकावे लागतात. लोक येऊन बघतात, घासाघीस करतात. ज्या गाडीचा चोक किती ओढायचा हे फक्त तुमच्या हाताला कळतं, तिच्याबद्दल परक्या माणसाकडून "इतके कसे मागता?" ऐकणं जड जातं.

तिसरी वाट मला मनापासून आवडते: गाडी अशा ठिकाणी द्यायची, जिथे ती गाडी म्हणूनच उपयोगी पडेल. कॅन्ससमधलं मॅकफर्सन कॉलेज जुन्या गाड्यांच्या पुनर्बांधणीत चार वर्षांची पदवी देतं. तिथल्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली १९५३ ची मर्सिडीज ३०० एस २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आपल्या वर्गात दुसरी आली. अशा ठिकाणी जोड-कार्ब्युरेटर जुळवायला शिकणाऱ्या मुलांच्या हातात तुमची गाडी पडते. संग्रहालयंही आहेत, उदाहरणार्थ लॉस एंजेलिसचं पीटरसन. पण २४०झेड भरपूर विकली गेलेली गाडी आहे. अगदी अस्सल, हात न लावलेली असेल तरच संग्रहालयाला विचारा.

संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठीच वापरली, तर वजावट बाजारभावाने, म्हणजे आपल्या उदाहरणात ३०,००० मिळू शकते. त्यासाठी वजावट ५,००० च्या वर असेल तर पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो, तोही दान करण्याआधीच्या ६० दिवसांपेक्षा जुना नको. फॉर्म ८२८३ वर संस्थेची सही लागते. वर्षाची मर्यादा उत्पन्नाच्या ३० टक्के. उरलेलं पुढची पाच वर्षं नेता येतं. तीन वर्षांच्या आत त्यांनी गाडी विकली तर ते आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, कळवावं लागतं आणि जास्तीची वजावट तुमच्या उत्पन्नात परत येऊ शकते. म्हणून देण्याआधीच सरळ विचारा: ठेवणार का, की विकणार? विकणार म्हणाले तर राग मानू नका, हिशोब बदला.

वजावटीचं यातलं काहीही वजावटींची यादी (itemize) न करणाऱ्यांना लागू नाही. २०२५ साठी जोडप्याची ठोक वजावट (standard deduction) ३१,५०० डॉलर्स होती; तुमच्या सगळ्या वजावटींची बेरीज ठोक वजावटीच्या खाली असेल तर गाडी देऊन टॅक्स वाचत नाही. २०२६ पासून अशा जोडप्यांना २,००० पर्यंतच्या दानावर सूट आहे, पण फक्त रोख दिलं तर. यादी करणाऱ्यांना त्याच वर्षापासून उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यावरचंच दान धरता येतं.

माझं मत विचाराल तर: बंद पडलेली, गंजलेली असेल तर टो ट्रक बोलवा. चांगली, पण सर्रास दिसणारी असेल तर स्वतः विका आणि पैसे द्या. गाडी पूर्ण असेल, कागद शाबूत असतील आणि पैशांपेक्षा गाडीचं पुढे काय होईल याची काळजी वाटत असेल, तर कॉलेजला ईमेल करा. त्यात चॅसिस नंबर आणि गंजाचे फोटो आधी पाठवा, चकचकीत बॉनेटचे नंतर.

कुठल्याही वाटेने गेलात तरी टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, घेणाऱ्याची जागा कोरी ठेवून सही करू नका, नंबर प्लेटचं आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे करा. आणि बिलांची फाइल सीटवर ठेवू नका, ज्याच्या हाती गाडी जाईल त्याच्या हातातच द्या.