सायकलचा आरसा: हँडलवर, मुठीच्या टोकाला की हेल्मेटवर?

पुण्यात रोज सायकलने कामावर जाणाऱ्याला मागून येणाऱ्या वाहतुकीचा अंदाज पूर्वी बराचसा कानांनी घेता येत असे. विजेवर चालणाऱ्या स्कूटर आणि पीएमपीच्या विजेवरच्या बस रस्त्यावर आल्यापासून तेवढ्यावर विसंबता येत नाही, कारण गर्दीतल्या मंद वेगात ही वाहने अगदी शेजारी येईपर्यंत जाणवत नाहीत. त्यातही जंगली महाराज रस्ता किंवा फर्ग्युसन रस्ता यांसारख्या एकेरी रस्त्यावर डावी कड धरून चाललेल्या सायकलस्वाराला उजवीकडे वळायचे असले, तर वाहनांच्या सगळ्या रांगा ओलांडाव्या लागतात आणि त्यासाठी मागे कोण, किती अंतरावर आणि किती वेगात आहे हे आधीच कळलेले असावे लागते. सायकल ही कायद्याने मोटार वाहन ठरत नाही, त्यामुळे स्कूटरसारखी आरशाची सक्ती तिला नाही. आरसा घ्यायचा का आणि कोणता, हे स्वारानेच ठरवायचे असते.

निवड प्रामुख्याने तिघांत आहे. पहिला प्रकार म्हणजे हँडलच्या नळीवर पट्ट्याने आवळून दांडीवर उभा केलेला आरसा, दुसरा मुठीच्या टोकातल्या पोकळीत खोचून बसवायचा, आणि तिसरा हेल्मेटला किंवा चष्म्याच्या काडीला लावायचा चिमुकला आरसा. दुकानात बहुतेक जण काचेचा आकार पाहून निवड करतात. माझ्या मते पाहायला हवे ते काचेचे डोळ्यापासूनचे अंतर आणि तिची वक्रता, कारण मागचा रस्ता किती दिसणार हे त्या दोन गोष्टी ठरवतात.

थोडा हिशेब केला की हे स्पष्ट होते. हँडलवरचा आरसा डोळ्यापासून साधारण ७० सेंटिमीटरवर असतो. तिथे ५ सेंटिमीटर रुंदीची सपाट काच लावली, तर ३० मीटर मागे जेमतेम २ मीटर रुंदीची पट्टी दिसते; म्हणजे एक मोटार दिसेल, पण तिच्या बाजूने पुढे येणारी दुचाकी दिसणार नाही. तेवढ्याच आकाराची काच बहिर्वक्र असेल आणि तिची वक्रता त्रिज्या ६० सेंटिमीटर धरली, तर तीच पट्टी सुमारे ७ मीटरची होते. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. अशा काचेत मागचे दृश्य सुमारे एक तृतीयांश आकाराचे दिसते, त्यामुळे १० मीटरवर आलेली रिक्षा ३० मीटरहूनही दूर असल्याचा भास होतो. काच जितकी जास्त फुगीर, तितका रस्ता जास्त दिसतो आणि अंतराचा अंदाज तितकाच फसवा होतो. हेल्मेटवरचा आरसा डोळ्यापासून १० सेंटिमीटरच्या आसपास असतो. तिथे केवळ ३ सेंटिमीटरची सपाट काच ३० मीटर मागे ९ मीटरच्या आसपास रुंदी दाखवते, आणि सपाट असल्यामुळे वाहन जेवढ्या अंतरावर आहे तेवढ्याच अंतरावर असल्यासारखे दिसते. यावरून खरेदीचा एक सरळ नियम निघतो: हँडलवर सपाट काच घेऊ नये आणि हेल्मेटवर फुगीर काच घेऊ नये.

काच आणि अंतर यांच्यानंतर हँडलचा आकार पाहायला हवा. जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलीचे हँडल स्वाराकडे वळलेले असते आणि मुठींची तोंडे मागे असतात. अशा मुठीत खोचायचा आरसा बसवला, तर तो स्वाराच्या कोपराकडे आणि मांडीकडे येतो आणि मागच्या रस्त्याऐवजी सदऱ्याची बाही दाखवतो. या सायकलीला ब्रेकच्या दांडीच्या पुढे नळीवर आवळून उभा करायचा आरसाच योग्य. ताठ बसण्याच्या सवयीमुळे स्वाराची नजरही त्या उंचीवर सहज जाते. या प्रकाराचा दोष थरथरण्याचा आहे. दांडी जितकी लांब, तितके खडबडीत रस्त्यावर चित्र जास्त विस्कटते, म्हणून खांद्याच्या बाहेरचा रस्ता दिसण्यापुरतीच लांबी ठेवावी आणि पट्ट्याखाली रबराची पट्टी घालावी. काही मिस्त्री स्कूटरचा जुना आरसा जुगाड करून लावून देतात. त्याची काच चांगली असते, पण वजन सायकलच्या पट्ट्याला झेपत नाही आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात आरसा खाली झुकतो.

सरळ हँडलच्या हायब्रिड सायकलीला मुठीच्या टोकाचा आरसा सर्वांत चांगला बसतो. तो हँडलच्या अगदी बाहेरच्या कडेला असल्याने हात आणि खांदा आड येत नाहीत, दांडी आखूड असल्याने थरथर कमी होते, आणि घंटी, गिअरचा खटका किंवा दिवा यांच्या जागेवर अतिक्रमण होत नाही. त्याचा त्रास दुसऱ्या बाजूने होतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून आरसा उजव्या टोकाला लागतो, आणि नेमक्या त्याच बाजूने रिक्षा आणि दुचाक्या चिकटून पुढे जातात. सायकलची रुंदी बोटभर वाढली तरी सिग्नलच्या गर्दीत ती जाणवते, आणि सोसायटीच्या वाहनतळावर शेजारची गाडी काढताना पहिला धक्का आरशालाच बसतो. म्हणून या प्रकारात आत दुमडणारा आरसा घ्यावा. न दुमडणारा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये असे मी सांगेन.

रेसर सायकलीच्या खाली वळलेल्या हँडलच्या टोकालाही आरसा खोचता येतो, पण हात वर ठेवल्यावर आणि खाली धरल्यावर डोक्याची जागा इतकी बदलते की एका स्थितीत नीट लावलेला आरसा दुसऱ्या स्थितीत निरुपयोगी ठरतो. या स्वारांसाठी हेल्मेटवरचा आरसाच बरा.

हँडलवरच्या दोन्ही प्रकारांना एक समान मर्यादा आहे. हँडल वळले की आरसाही वळतो आणि दृश्य जवळजवळ दुप्पट कोनात सरकते, त्यामुळे प्रत्यक्ष वळताना त्यात मागची वाहने दिसत नाहीत. पाहायचे ते वळण्यापूर्वी पाहून घ्यावे लागते. हेल्मेटवरचा आरसा डोक्याबरोबर फिरतो. मान थोडीशी फिरवली की मागचा रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाळून घेता येतो. लांब पल्ल्याने, वेगाने आणि महामार्गालगत कामावर जाणाऱ्यांना मी हाच सुचवतो. शिवाय एकाच माणसाच्या दोन सायकली असतील, तर आरसा एकच पुरतो, आणि सायकल कुठेही लावली तरी तो तुटण्याची किंवा चोरीला जाण्याची भीती राहत नाही.

तरीही तो सर्वांना मानवत नाही. सुरुवातीचे काही दिवस पुढचा रस्ता आणि डोळ्याजवळची काच यांत नजर अडखळते, आणि त्या काळात तो गर्दीच्या रस्त्यावर वापरू नये. हा आरसा एकाच डोळ्याला दिसतो, म्हणून उजवा डोळा अधू असलेल्याने तो घेऊ नये. दूरचा चष्मा असलेल्यांनी काच अशा ठिकाणी आणावी की ती चष्म्याच्या भिंगातूनच दिसेल. चौकटीच्या बाहेरून पाहिले तर मागची मोटार केवळ रंगाचा डाग वाटते. चाळिशी लागलेल्यांना मात्र सपाट काचेत अडचण येत नाही, कारण डोळा काचेवर स्थिर होत नाही, तो दूरच्या वाहनावर स्थिर होतो. त्याउलट हँडलवरच्या बहिर्वक्र आरशातली प्रतिमा डोळ्यापासून मीटरभर अंतरावरच पडते, आणि केवळ दूरच्या नंबरचा चष्मा वापरणाऱ्या वयस्क स्वाराला ती किंचित अंधूक दिसू शकते. विकत घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे तिकडचे काही आरसे डाव्या बाजूसाठीच घडवलेले असतात. उलट बाजूला लावता येतो की नाही हे विचारल्याशिवाय मागवू नये.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण मोजमाप आधी घ्यावे. मुठीखालच्या नळीची बाहेरची जाडी सरळ हँडलला बहुधा २२.२ मिलिमीटर असते आणि पट्ट्याचे आरसे त्याच मापाचे मिळतात. हँडलचा मधला भाग ३१.८ मिलिमीटर असेल, तर तो पट्टा तिथे बसणार नाही. खोचायच्या आरशासाठी नळीचे आतले माप महत्त्वाचे असते. मुठीचे टोक बंद असेल, तर धारदार पात्याने रबराचा तेवढाच गोल कापावा आणि नळीत धूळ किंवा गंज असल्यास पुसून घ्यावा. मग खोचणीचा भाग आत घालून ॲलन कीने बोल्ट आवळावा, म्हणजे रबर किंवा पाचर फुगून नळीला आतून धरते. हाताने जोर लावून आरसा फिरत नाही इथपर्यंतच आवळावे. त्यापुढे प्लॅस्टिकचे आटे जातात. कार्बनचे हँडल असेल, तर आतून फुगणारी खोचणी वापरू नये, नळीला तडा जाण्याचा धोका असतो.

आरशाचा कोन सायकल स्टँडवर उभी असताना ठरवू नये. रोजच्या पाठपिशवीसह सीटवर बसावे, एका पायाने भिंतीचा आधार घ्यावा आणि कोणाला तरी दहा-पंधरा पावले मागे, आपल्या उजव्या अंगाला उभे करावे. काचेच्या आतल्या कडेला आपल्या बाहीची बारीक रेघ दिसावी आणि क्षितिज काचेच्या मध्यापेक्षा जरा वर असावे, म्हणजे आकाश कमी आणि रस्ता जास्त दिसतो. बाहीची रेघ मुद्दाम ठेवायची, कारण आरसा हलला असेल तर ती नाहीशी झालेली चटकन लक्षात येते. आरसा कोणताही असला, तरी रांग बदलण्याआधी एकदा खांद्यावरून मागे पाहावेच. बहिर्वक्र काचेतला अंतराचा भास तेवढ्याने दुरुस्त होतो, आणि आपण वळणार आहोत हे मागच्या चालकालाही कळते.

पावसाळ्यात निवडीचे पारडे थोडे फिरते. रेनकोटची टोपी डोक्याबरोबर वळत नाही, त्यामुळे मागे पाहताना नजरेआड कापडच येते आणि आरशाची गरज वाढते. हेल्मेटवरच्या लहान काचेवर दोन-चार थेंब बसले तरी बरेचसे दृश्य झाकले जाते, तर हँडलवरच्या मोठ्या काचेत थेंबांच्या मधूनही वाहनांचे दिवे ओळखता येतात आणि सिग्नलला बोटाने पाणी निपटता येते. जून ते सप्टेंबर सायकल न थांबवणाऱ्यांनी म्हणूनच हेल्मेटवरचा आरसा असला, तरी हँडलला एक दुमडणारा बहिर्वक्र आरसा लावून ठेवावा. ॲक्रिलिकचा असल्यास तो कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. चिखलाची वाळलेली धूळ आधी पाण्याने धुऊन मगच मऊ कापड फिरवावे, नाहीतर बारीक ओरखड्यांमुळे रात्री मागच्या दिव्यांचा झोत साऱ्या काचेवर पसरतो.