सोसायटीच्या बागेत काय लावावं: फुलपाखरांसाठी की शिंजिरांसाठी?

कुंपणालगतची मोकळी पट्टी समितीनं बागेला दिली, की कुणीतरी हमिंगबर्डचा व्हिडिओ ग्रुपवर टाकतं आणि साखरपाण्याचा लाल फीडर मागवायची टूम निघते. ती तिथेच थांबवा. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात. आपल्याकडे फुलातला मध प्यायला येतो तो शिंजीर. तेव्हा खरी निवड फुलपाखरं आणि शिंजीर यांच्यातली आहे.

शिंजिराचं काम सोपं. तो वर्षभर इथेच असतो. हमेलिया, जास्वंद, अडुळसा अशी मधाची फुलं असली की येतो. हमेलिया मूळची अमेरिकेतली, तिथे तिच्यावर हमिंगबर्ड येतात. इथे ती शिंजिराला तितकीच मानवली आहे. फरक एवढाच, की हमिंगबर्ड हवेत थबकून पितो आणि शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून. म्हणून हमेलिया छाटून तिचा गुळगुळीत गोळा करू नका, बसायला चार मोकळ्या फांद्या राहू द्या. जास्वंदीवर त्याची लबाडी बघण्यासारखी असते: समोरून न जाता फुलाच्या बुडाशी चोचीनं भोक पाडतो आणि परागकणांना हातही न लावता मध पिऊन जातो.

फुलपाखरांचं तसं नाही. नुसती फुलं लावलीत तर ती येतील, पितील आणि जातील. ती राहायला हवी असतील तर अळ्यांना खायला झाड लागतं, आणि तेही ठरावीकच. लिंबू-कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पियरो, सीताफळावर टेल्ड जे. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. कढीपत्त्याची पानं नीट निरखून पाहा. मॉरमॉनची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर दुभागलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. मुलांना हे दाखवलंत तर दिवसभर तिथून हलणार नाहीत.

पण इथेच भांडणं सुरू होतात. अळ्या कढीपत्त्याचा खराटा करतात आणि ‘कीड लागलीय’ म्हणत कुणीतरी फवारणीवाल्याला फोन लावतं. शिंजिराच्या बागेत हा वाद फारसा होत नाही, कारण तिथे कुरतडलेलं काही दिसत नाही. फवारणी त्यालाही नडतेच, तो पिल्लांना किडे-कोळी भरवतो. पण फुलपाखरांची पिढीच एका फवारणीत संपते.

हंगामाचं गणितही वेगळं. फुलपाखरांची खरी गर्दी पावसाळ्यात आणि त्यानंतर, उन्हाळ्यात बाग सुनी वाटते. शिंजीर तेव्हाही असतो, आणि नशीब असेल तर बाल्कनीतल्या दोरीला कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेलं लोंबतं घरटंही दिसतं. जागा दिवसभर सावलीची असेल तर फुलपाखरांचा विचार सोडा, त्यांना ऊन लागतंच.

माझं मत विचाराल तर: समिती टापटिपीची भोक्ती असेल, माळी आठवड्यातून एकदाच येत असेल, तर शिंजिरांसाठी लावा. फवारणी बंद ठेवण्याची जबाबदारी घेणारं एक जरी माणूस असेल, तर फुलपाखरं निवडा. बघण्या-शिकण्यासारखं त्यात कितीतरी जास्त आहे. हमेलिया दोन्हीकडे चालते, ती बिनधास्त घ्या. कढीपत्ते दोन लावा, एक अळ्यांचा, एक फोडणीचा. रुई मात्र मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, तिचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. घाणेरी कितीही फुलपाखरं आणत असली तरी नको, ती पसरली की आवरत नाही. आणि नर्सरीतली रोपं बऱ्याचदा फवारलेली असतात, त्यामुळे नवीन झाडावर सुरुवातीला अंडी दिसली नाहीत तर ते उपटू नका; नवी पालवी फुटेपर्यंत थांबा.