बूटस्ट्रॅप आधी, की सीएसएसच नीट शिकायचं?

वेब डिझाइन शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. सीएसएस म्हणजे वेबपानाचं रूप आणि मांडणी सांगणारी भाषा, बूटस्ट्रॅप म्हणजे त्याच भाषेतल्या तयार नियमांचा संच. माझं मत आधीच सांगतो: मुलाखत डोक्यावर नसेल तर आधी सीएसएस, म्हणजे त्यातल्या फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या मांडणीच्या दोन पद्धती.

समजा दिवाळीच्या फराळाचं पान करायचंय. चकली, चिवडा, करंजी, शंकरपाळे, अनारसे, लाडू, कडबोळी अशी सात कार्डं, म्हणजे चौकटी. मोबाइलवर एकाखाली एक, लॅपटॉपवर तीन-तीन.

बूटस्ट्रॅपमध्ये हे चटकन उभं राहतं. ओळीचे बारा भाग असतात. कार्डाला मोबाइलवर बाराही द्यायचे, ७६८ पिक्सेलपासून पुढे चार. दोन क्लास, म्हणजे तयार नियमांची नावं, लिहिली की काम झालं. २०११ मध्ये ट्विटरमधून ते बाहेर आलं, तेव्हा रकाने पाडायला फ्लोट या सीएसएसमधल्या जुन्या युक्तीची कसरत करावी लागे, त्यामुळे त्याचं अप्रूप होतं. गाडी अडते ती गिऱ्हाईक 'जरा वेगळं दाखवा' म्हणतं तेव्हा. मग त्याचे नियम खोडून आपले लिहायचे, तेही अंदाजपंचे. मराठीत तर आणखी एक गंमत. बूटस्ट्रॅपमध्ये शीर्षकाची ओळ-उंची १.२ असते. शीर्षक दोन ओळींत गेलं की वरचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडू लागतात. ती १.५ करायला शेवटी सीएसएसच लिहावं लागतं.

आता तेच पान फ्लेक्सबॉक्सने. कार्डांना वाढायची मुभा दिली, तर दोन ओळी झकास बसतात आणि तिसऱ्या ओळीत एकटी उरलेली कडबोळी पानभर पसरते! नवशिक्यांना इथेच घाम फुटतो. फ्लेक्सबॉक्स एका वेळी एकाच ओळीचा विचार करतो, मेन्यू किंवा बटणांची रांग हे त्याचं खरं काम.

ग्रिड आडवं-उभं दोन्ही बघतो. 'कार्ड किमान २२० पिक्सेल, उरलेली जागा सारखी वाटा' एवढं एका ओळीत सांगितलं की रकाने किती, ते ब्राउझरच ठरवतो. मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार वेगळे नियम, लागत नाही आणि कडबोळी आपल्या रकान्यात राहते. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत ग्रिड आलं. त्यामुळे 'जुन्या ब्राउझरचं काय' ही सबब आता चालत नाही.

टेलविंड या दुसऱ्या तयार संचाचं म्हणाल तर ते नंतर. त्याचे क्लास म्हणजे सीएसएसचीच लघुरूपं, मूळ ठाऊक नसेल तर नुसती घोकंपट्टी.

मुलाखत खरंच पंधरा दिवसांवर असेल आणि त्या ऑफिसात बूटस्ट्रॅप चालत असेल, तर खुशाल ते आधी घ्या. चौथ्या आवृत्तीपासून त्याचे रकाने फ्लेक्सबॉक्सवरच उभे आहेत, शिकलेलं वाया जाणार नाही. फक्त व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान फोनच्याच रुंदीत दाखवायला सांगणारी ओळ, विसरू नका. तो राहिला की फोन पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि सातही कार्डं मुंगीएवढी दिसतात, मग ग्रिड असो की बूटस्ट्रॅप.