खोडकर, व्रात्य की दुष्ट? लिहिताना कुठलं विशेषण कुठे चालतं

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या १८ मजली इमारतीत, समजा, फलकावर सूचना लागली: 'बी विंगमधील काही दुष्ट मुले लिफ्टची सर्व बटणे दाबून पळून जातात.' बटणांचा विषय बाजूला राहतो आणि 'दुष्ट' कुणाला म्हणालात यावर संध्याकाळी गेटपाशी भांडण जुंपतं. तिथे 'खोडकर' म्हटलं असतं तर पालक हसून सोडून देतात, 'व्रात्य' म्हटलं तर थोडे चपापतात. म्हणजे शब्द निवडताना दोन गोष्टी बघाव्या लागतात: त्रास कुणाला आणि किती झाला, आणि तो देण्यामागे हेतू काय होता.

'अवखळ'मध्ये त्रास कुणालाच नाही, नुसती ऊर्जा आहे. म्हणून ओढाही अवखळ असतो. 'खट्याळ'मध्ये समोरच्याची चेष्टा होते, पण तोही हसतो. 'खोडकर'मध्ये मात्र कुणाची तरी खोडी निघते आणि तो घटकाभर चिडतो. 'व्रात्य' त्याच्या पुढची पायरी: सांगून, रागावून, शिक्षा करूनही तेच करणारा. या शब्दाची चाल मजेदार आहे. धर्मशास्त्रात ठरलेल्या वयात मुंज न झालेला तो व्रात्य. अथर्ववेदाचं १५ वं कांड तर व्रात्याचा गौरवच करतं. आज मराठीत त्यातलं काही उरलेलं नाही, उरलाय तो वळण नसल्याचा ठपका. म्हणून नेरूळच्या शाळेतल्या बाईंनी डायरीत 'मुलगा खोडकर आहे' लिहिलं तर आई सही करून मोकळी होते. 'व्रात्य आहे' लिहिलं तर दुसऱ्या दिवशी भेटायला येते. भेटायला यावं असंच वाटत असेल, तर तो शब्द योग्य आहे.

'द्वाड' घरातला शब्द. 'द्वाड कार्टी' म्हणताना आजीचा हात पाठीवरच असतो. मुलीला, मांजरीला, दावं तोडणाऱ्या वासरालाही तो चालतो, पण छापील सूचनेत अगदीच माजघरातला वाटतो. ठाणे-वाशीकडच्या तोंडी सध्या 'मस्तीखोर' सर्रास आहे. पाच वर्षांच्या पोरापुरता तो गोड. पंचविशीतल्या माणसाबद्दल 'मस्ती' म्हटलं की अर्थ माज असा होतो, आणि 'मस्ती आली का?' हा प्रश्न तर मारामारीच्या आधीच विचारतात.

सगळ्यात जास्त घसरगुंडी 'चावट' आणि 'वात्रट' यांच्यात होते. मुलांच्या कपड्यांच्या जाहिरातीसाठी इंग्रजी मजकूर मराठीत आणताना कुणीतरी 'चावट मुलांसाठी खास' लिहून जातं. आजीनं नातवाला 'चावट कुठला' म्हणणं वेगळं. छापल्यावर 'चावट' म्हणजे अश्लीलतेच्या कडेनं जाणारं, मोठ्यांचं बोलणं. तिथे 'खट्याळ' हवा. 'वात्रट' हा तोंडाचा दोष: वाह्यात, उलट, नको तिथे विनोद. त्यात निदान अक्कल आहे हे मान्य केलेलं असतं, म्हणूनच 'वात्रटिका' हा काव्यप्रकार झाला. 'चावटिका' झाला नाही. 'आगाऊ'बद्दल एवढंच: 'आगाऊ सूचना देणाऱ्या सभासदांचे आभार' असं लिहू नये. 'पूर्वसूचना' लिहावं.

मोठ्या माणसांकडे आलं की 'लबाड' आणि 'बिलंदर' समोर येतात. झोपेचं सोंग घेऊन एक डोळा किलकिला ठेवणारं बाळ लबाड, आणि वजनात मारणारा दुकानदारही लबाड. नातं कळत नसेल तर वाचक दुसराच अर्थ घेतो. 'बिलंदर', 'इरसाल' यांत दाद लपलेली असते. तक्रार अर्जात 'सदर बिलंदर कंत्राटदाराने' लिहिलं तर अर्जदारच त्याच्यावर खूश आहे असं वाटतं. 'पाताळयंत्री' फार उधळला जातो. एकदा थाप मारणारा पाताळयंत्री होत नाही. महिनोन्महिने गुपचूप डाव रचावा लागतो.

'दुष्ट' हेतूबद्दल बोलतो: दुसऱ्याच्या दुःखात ज्याला सुख आहे तो. 'हलकट' पातळीबद्दल. दुष्ट राजा गोष्टीत भव्य वाटू शकतो. त्यालाच हलकट म्हटलं की तो चहाचे पैसे बुडवणारा होतो. कथा लिहिणाऱ्यानं हा फरक हाताशी ठेवावा. इतरांनी 'हलकट', 'नीच' ही शिवीच समजावी.

बातमीच्या मथळ्यांतला लाडका 'भामटा' मात्र टाळलेलाच बरा. भामटा हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतलं नाव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा कित्येक समाजांवर जन्मजात शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये गेला, शब्द मथळ्यात राहिला. 'ठकसेन' किंवा साधं 'फसवणूक करणारा' लिहून काहीच अडत नाही. मित्रांच्या ग्रुपला हौसेनं दिलेलं 'चांडाळचौकडी' हे नावही त्याच जातीचं, म्हणजे जातीवरूनच आलेलं.

आता पुन्हा फलकाकडे. सूचना आणि तक्रार यांत विशेषण लागतच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा होऊ शकते, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला शब्दही तिऱ्हाइतापर्यंत पोचलेलाच असतो. पोलिसांकडे जायचं तर तारीख, वेळ, काय मोडलं, किती रुपयांचं, एवढं पुरतं. मुद्दाम केलेल्या नासधुशीला जुन्या दंड संहितेच्या मराठी पाठात शब्द आहे 'आगळीक', 'खोडी' नव्हे. अगदीच चीड शब्दात यायला हवी असेल तर माणसाचं विशेषण सोडून कृतीचं नाम घ्यावं, 'खोडकर मुले'ऐवजी 'खोडसाळपणा':

'बी विंगच्या लिफ्टमध्ये सर्व मजल्यांची बटणे एकदम दाबण्याचा खोडसाळपणा होत आहे. त्यामुळे लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते व ज्येष्ठ नागरिकांना ताटकळावे लागते. पालकांनी मुलांना समज द्यावी.'